निर्माल्यातला रेणू

माउलीच्या पाषाणावर बाबुली गुरवांनी भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या, तेव्हा सभामंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. एक पाकळी देवीच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. कोंडसरी गावानं आजवर जे काही मोठं विचारलं, ते याच रीतीनं. नवी विहीर कुठे खणायची, साथीच्या वर्षी जत्रा भरवायची की नाही, सगळं. उजवी पाकळी आधी सुटली तर देवीचा होकार, डावी सुटली तर नकार. यालाच कौल लावणं म्हणतात, आणि तो मान पिढ्यान्‌पिढ्या गुरवांच्या घराचा.

बाबुलींची मुलगी मैथिली खांबाला टेकून उभी होती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती यंत्रं घडवण्याचं काम करायची. आजचा प्रश्न तिच्यामुळेच देवीपुढे आला होता.

बाबुलींनी हात जोडले. आवाज चढवला.

"गे माउली! आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत. तुझ्या अंगावरचा निर्माल्य शिवेभायर जावचा आसा. आजपर्यंत कधी गेला नाय. तुझी मर्जी आसात तर उजवा दी, नसात तर डावा दी, पण मोकळा जाब दी, गे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मंडप एका तोंडानं म्हणाला.

मग सगळे पाहत बसले. समईची ज्योत हलत होती. पाण्याचा एक थेंब पाषाणावरून ओघळला, आणि त्याच्यामागून उजवी पाकळी अलगद सुटून खाली आली.

"दिल्यान!" कुणीतरी म्हणालं.

पण मानकऱ्यांतले आत्माराम परब उठता उठता बोललेच, "चेडवाचा काम आसला की देवी पण लगेच बोलता हां, बाबुली!"

लेकीवरून मारलेल्या या टोमण्यावर दोनचार जण हसले. बाबुली हसले नाहीत. त्यांनी गाभाऱ्यातला पितळी डबा आणून मुलीच्या हातात ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाले, "जपान ने."

डब्यात सुकलेली सुरंगीची फुलं होती.

कोंडसरीची राई सुरंगीची. ज्यांनी हे झाड पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं, की सुरंगीला फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, फांदीला चिकटून झुपक्यांनी येतात. कळी गोल, फूल पांढुरकं, मध्ये पिवळ्या केसरांचा पुंजका. शिमग्याच्या आसपास राई फुलली की दुपारी सगळी वाडी त्या वासानं जड व्हायची. पुरुष शिड्या लावून फुलं काढायचे, बायका अंगणात बसून त्यांचे गजरे, म्हणजे वळेसर, ओवायच्या. आणि मधमाश्या! राईत पाऊल टाकलं की डोक्यावर सतत घुमत राहायचं.

मग उन्हाळे तापत गेले. झाडं फुलायची, पण वासातलं काहीतरी निघून गेलं. माणसांना तो फरक नीट सांगता येईना, माश्यांना मात्र लगेच कळला. त्या येईनाशा झाल्या. माश्या नाहीत म्हणून फळ नाही, फळ नाही म्हणून बी नाही. राईत पायाशी रोप उगवलेलं पाहून किती वर्षं झाली, हे कुणाला आठवेना. उभी होती ती सगळी म्हातारी झाडं. देवळामागची एकच जुनी सुरंगी पहिल्यासारखी वास द्यायची, आणि तेवढ्या एका झाडावर माश्या घुमायच्या, पण एकट्यानं त्याला फळ धरत नसे. वादळात ती मुळासकट आडवी झाली. तिच्या फांद्या लावून पाहिल्या, एकही धरली नाही. उरलं ते फक्त तिच्या शेवटच्या बहराचं, देवीच्या अंगावरून उतरलेलं निर्माल्य.

त्यात काय होतं, जे बाकीच्या झाडांत नव्हतं? मैथिलीला तेवढंच हवं होतं. ते कळलं तर प्रयोगशाळेत बनवता येईल, राईत टांगता येईल, आणि कदाचित माश्या परत येतील.

संस्थेतल्या त्या यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. सगळे त्याला आपटबार म्हणत.

प्रमुख होत्या डॉ. रुक्साना शिकलगार. मूळच्या मिरजेकडच्या, केस पांढरे, बोलणं तिखट. मैथिलीनं डबा टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, मग झाकण उघडलं आणि वास घेतला.

"काही येत नाही गं."

"आपल्याला नाही येणार, मॅडम. पाकळीच्या देठात लेशभर राहिलं असेल तेवढंच."

"लेशभर म्हणजे किती?"

"एकदा पाहून संपेल इतकं."

शिकलगारांनी झाकण लावलं. "मग तुझ्या देवीला सांग, आम्ही नीट बघू."

आपटबार काय करतो ते असं. रेणू म्हणजे अणूंची छोटीशी मोळी. मोळीला बांधणारी दोरी म्हणजे इलेक्ट्रॉन. फुलांतला वास हलक्या उष्णतेनं सोडवायचा, हेलियम वायूच्या झोतात मिसळायचा आणि एका बारीक भोकातून निर्वात पिंपात सोडायचा. तिथे ते रेणू एकेकटे, एकमेकांना न शिवता उडत जातात. त्यांच्या वाटेवर लेझरचा झटका मारायचा. हा झटका किती लहान? एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा अब्ज तुकडे करा. असे मोजके तुकडे, बस. एवढ्या वेळात रेणूला काही कळायच्या आत त्याचे इलेक्ट्रॉन ओरबाडून निघतात. दोरी तुटते, आणि उरतात नुसते धन भाराचे अणू, एकमेकांना खेटून उभे असलेले. सारखे भार एकमेकांना ढकलतात, आणि जितके जवळ तितके जोरानं. हा कूलोमचा जुना नियम. मग तो रेणू फुटतो. प्रत्येक अणू आपापल्या दिशेनं सुसाटत जाऊन पिंपाच्या टोकाला बसवलेल्या तबकडीवर आदळतो.

कोण कुठे आदळलं आणि किती वेळानं आदळलं, एवढंच ती तबकडी टिपते. पण तेवढं पुरतं. फुटण्याआधी जो जिथे उभा होता, त्यावरच तो कुठल्या दिशेनं फेकला जाणार हे ठरलेलं असतं. म्हणून ते तुकडे उलट दिशेनं मागे मागे आणत गेलं, की मूळ रेणू आपल्या पूर्ण आकारात समोर उभा राहतो. दुसऱ्या कुठल्याही रीतीला असा रेणू पाहायला पुष्कळ ऐवज लागतो. आपटबारला एकेक रेणू चालतो. मात्र ज्याला पाहिलं, तो राहत नाही.

तबकडी मैथिलीनं बसवली होती. तिच्या मागची जाळी तिनं हातानं विणली होती, तारांचे उभे-आडवे पदर तिनंच ठरवले होते, आणि कुठली बाजू उजवी ते दाखवणारा बाण तबकडीच्या कडेला तिनंच कोरला होता. मॅडमनी तिच्या खुणा वाचून गणिताचा प्रोग्रॅम लिहिला होता.

निर्माल्य पाकळी पाकळी करून आत गेलं. आधी राईतल्या आजच्या फुलांशी त्याची तुलना केली. शेकडो रेणू दोन्हीकडे सारखे. एकच असा होता, जो निर्माल्यात होता आणि आजच्या फुलांत नव्हता. मग सगळा डबा त्या एकासाठी खर्ची पडला. बहुतेक रेणू लेझर चुकवून जायचे आणि पंप त्यांना ओढून नेऊन टाकायचा. मैथिलीला ते बघवायचं नाही. देवीच्या अंगावरचं फूल असं हवेत विरून जात होतं.

एका सकाळी पडद्यावर धुरकट ठिपक्यांचे ढग दिसायला लागले. एकेका स्फोटानं प्रत्येक ढगात एकेक ठिपका. दुपारपर्यंत ढग दाटले, त्यांच्या कडा आवळत गेल्या, आणि बघता बघता तिथे एक आकार उभा राहिला. कार्बनची वळलेली साखळी, तिला एका बाजूला फुटलेली फांदी, टोकाला ऑक्सिजनचा अणू. चित्र काढून दाखवलेला आकार नव्हता तो, अंदाजही नव्हता. गावच्या वासाचा तो खराखुरा देह होता. लहानपणी तिच्या वेणीतून जो दरवळायचा, बायका ज्याच्यासाठी दुपारभर अंगणात ओवत बसायच्या, तो हा. इतका लहान, की तो कसा दिसतो हे सृष्टी सुरू झाल्यापासून कुणालाच माहीत नव्हतं.

मैथिली खुर्चीत बसली होती ती आपोआप उभी राहिली.

"बस गं," शिकलगार हळूच म्हणाल्या. पण त्याही उभ्याच होत्या.

"डावा की उजवा, मॅडम?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. असले रेणू जोडीनं असतात. चपलेच्या जोडीसारखे, एक डावा, एक उजवा. मापं तीच, सामान तेच, पण डाव्या पायाची चप्पल उजव्यात जात नाही. माशीच्या मिशीवर वासासाठी जी खाच असते तीही एकाच पायाची असते. दोन्ही एकत्र करून टांगले तर चुकीचा बरोबरच्याची वाट अडवून बसतो. म्हणून नक्की कुठला, हे कळल्यावाचून पुढचं पाऊल नव्हतं.

शिकलगारांनी पडद्यावरचा रेणू फिरवला, पुन्हा फिरवला. "डावा."

डब्यात तोवर नुसता चुरा राहिला होता.

शेजारच्या रसायनवाल्यांनी डावा रेणू बनवून दिला, अगदी शुद्ध. पुढचा फुलोरा सुरू होताच मैथिली कुप्या घेऊन गावी गेली. करवंट्यांत कापूस, कापसावर थेंब, आणि करवंट्या काथ्यानं फांद्यांना टांगलेल्या. सगळी वाडी राईत जमली. आत्माराम परबांनी तर खुर्ची आणून मांडली.

माणसांना वास आला. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, "सुरंगीसारखो वाटता, पण खंयतरी कडू लागता."

माश्या आल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला तरी नाही. राईच्या कडेच्या काजूवर ज्या थोड्या घुमायच्या, त्याही तिथून हलल्या.

देवळात मानकरी बसले. मैथिलीला आत बोलावलं नाही, पण आवाज बाहेर येत होता.

"देवीन होकार दिल्यान आणि काम फसला, असा ह्या गावात कधी झाला नाय," आत्माराम म्हणत होते. "देवी चुकाची नाय. मगे चुकलो कोण? पाकळी सैल लावली की सुटतलीच!"

"आत्माराम, तोंड सांभाळ," बाबुलींचा आवाज आला.

"माझा तोंड सांभाळून निर्माल्य परत येतला? दिवसाढवळ्या जाळून टाकल्यानी ता!"

ठरलं असं, की यापुढे कौल दुसऱ्या घरानं लावावा. बाबुलींनी गाभाऱ्याची किल्ली काढून उंबऱ्यावर ठेवली आणि घरी चालत आले.

आई गेल्यापासून घरात बापलेकच. बाबुलींनी चुलीवर भात टाकला. देवळात जायची वेळ झाली तेव्हा सवयीनं उठले, खुंटीवरचं उपरणं घेतलं, मग आठवून परत ठेवलं. मैथिलीला ते पाहवलं नाही. तिला एकच गोष्ट छळत होती. तबकडीनं खोटं सांगितलं नव्हतं, गणित तिनं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. मग सगळं फसलं कुठून? जिथून सुरू झालं, तिथून तर नाही?

"बाबा, एक इचारू? रागावू नकात."

"इचार."

"ती उजवी पाकळी... माझ्यासाठी म्हणान... तुमी मुद्दाम सैल लावलात काय?"

बाबुलींनी भाताचं झाकण खाली ठेवलं.

"तुका पण तसाच वाटला?"

ते उठले.

"भायर ये."

अंगणात त्यांनी तिला ओट्याच्या पायरीवर बसवलं. जास्वंदीचं एक फूल तोडलं, दोन पाकळ्या काढल्या, तांब्यात बुडवल्या.

"आता तू देवी. हलू नको." एकेक पाकळी त्यांनी तिच्या खांद्यांवर बोटानं दाबली. दाब दोन्हीकडे सारखा होता, तिला तो स्पष्ट कळला. "तुझी आवस तापान फणफणली होती तेव्हा मी माउलीक इचारलंय, ही वाचतली काय म्हणान. डावी पडली. माझ्या डोळ्यांसमोर पडली. पाकळी फिरवूची आसती तर मी तेव्हा फिरवलंय नसतंय? आवशीसाठी फिरवलंय नाय, आणि तुझ्या यंत्रासाठी फिरवतलंय?"

आईचं ऐकून मैथिलीच्या डोळ्यांना धार लागली. "बाबा, चुकलंय."

"रडा नको. हलतस. पाकळी पडतली." ते समोर उकिडवे बसले. राग केव्हाच निवला होता. राहिलं होतं ते नुसतं समजावणं. "आत्माराम म्हणता, मिया डावा-उजवा पण उलटा सांगतंय. तो आपल्या बाजूसून बघता ना! समोर उभ्या रवणाऱ्याक उलटाच दिसतला. पण आपणाक काय दिसता त्याका कोण इचारता? जी बसली हा, तिचा उजवा तो उजवा."

मैथिलीचं रडणं थांबलं.

जी बसली आहे तिचा उजवा तो उजवा. हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. चालायला लागली तेव्हापासून ती गाभाऱ्यात फुलं देत आली होती, 'देवीच्या उजव्याक ठेव' म्हटलं की हात आपोआप पलीकडे जायचा. तो हात विचार करत नसे.

आणि तबकडी? पिंपाच्या टोकाला, येणाऱ्याकडे तोंड करून बसवलेली गोल तबकडी. तिच्या कडेला बाण कोरताना कुठल्या बाजूला उजवं म्हटलं होतं आपण? तबकडीच्या! तिच्या जागी बसून, समोरून येणाऱ्याकडे पाहत! आणि शिकलगार मॅडमनी प्रोग्रॅम लिहिला तो पिंपाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून, तबकडीकडे बघत. जगातली कुठलीही माणसं लिहितील तसा.

ती ताडकन उठली. दोन्ही पाकळ्या मातीत पडल्या.

"काय झाला गो?"

"बाबा, चूक माझी आसा. तुमची नाय, देवीची नाय. माझी!"

पुण्यात शिकलगारांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पण आपण यंत्र तपासलं होतं की. पाण्यावर तपासलं, अजून दोनतीन वायूंवर."

"पाण्याला डावं-उजवं नसतं, मॅडम. आपण घेतलेल्या एकालाही नव्हतं. आरशात बघा नाहीतर समोर, सारखेच."

शिकलगार उठल्या. "खालून संत्रं आण."

संत्र्याच्या सालीत जो वास असतो तो उजव्या रेणूचा. हे शाळेतल्या मुलांच्याही पुस्तकात असतं, त्यात वाद नाही. साल सोलून तिचा अर्क आपटबारमध्ये सोडला. संध्याकाळच्या आत पडद्यावर ढग जमले, आकार उभा राहिला, आणि यंत्रानं शांतपणे निकाल दिला: डावा.

शिकलगार हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई! म्हणजे इतके दिवस आपण सारी सृष्टी आरशात बघत होतो! आणि मी भाषणं देत फिरले!"

"मॅडम, माझ्यामुळे..."

"तुझ्या खुणा मी तपासायला हव्या होत्या. अर्धी चूक माझी, भांडायचं नाही." त्या गंभीर झाल्या. "याआधी जे छापलं आपण, तेही उलटं. ते आपणच जाहीर करायचं, आजच. मग तुझ्या सुरंगीकडे वळू."

"पण फुलं संपली, मॅडम. तो रेणू आता कुठेच नाही. पुन्हा बघायचं कसं?"

"वेडी आहेस का? फुलं कशाला हवीत?"

आणि मग मैथिलीला उमगलं. फुटलेल्या रेणूंचे ठोके सगळे जागच्या जागी नोंदलेले होते. कोण कुठे आदळलं, केव्हा आदळलं. रेणू गेले होते, पण जाताना त्यांनी सांगितलेलं एक अक्षरही हरवलं नव्हतं. चुकीचं काही असेल तर ते ऐकणाऱ्याच्या कानात होतं. शिकलगारांनी प्रोग्रॅमच्या एका ओळीत एक चिन्ह बदललं. अधिकचं उणे. एवढंच.

पडदा काळा झाला. मग थेंब थेंब करत ते जुने स्फोट परत उमटू लागले. काही महिन्यांपूर्वी जे क्षण एका सेकंदाच्या कल्पनेबाहेरच्या तुकड्यात घडून संपले होते, ते पुन्हा एकेक करून येत होते. साखळी वळली, पण या खेपेला दुसरीकडे. फांदी फुटली, पण पलीकडच्या अंगाला. तोच रेणू, आणि तरी पूर्ण वेगळा. मैथिलीला वाटलं, इतके दिवस तो आपल्याकडे पाठ करून उभा होता आणि आता वळला.

"उजवा," शिकलगार म्हणाल्या.

रसायनवाल्यांकडे धाव घेतली तर ते म्हणाले, डावा वेगळा काढताना जो उजवा उरला, तो बाटलीत तसाच पडून आहे, टाकायचं राहून गेलं.

कोंडसरीत फुलोरा ओसरत आला होता. मैथिली थेट देवळात गेली आणि मानकऱ्यांपुढे उभी राहिली. चूक कुणाची, कशी, सगळं तिनं सांगितलं. तबकडीचं काय ते त्यांना पुरतं कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की ही बापावरचा आळ आपल्या अंगावर घेते आहे.

"बापासाठी चेडू कायव सांगतला," आत्माराम म्हणाले. पण आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती. "बरा. एकदा बघूया. पण आता फसला तर गुरवाचा मान कायमचो गेलो, ह्या पण बोलान ठेवतंय."

"ठेवा," दारातून बाबुलींचा आवाज आला. ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. "पण करवंटी राईच्या टोकाक नाय. मधोमध टांगा. सगळ्यांका दिसांदे."

दुपार होती. ऊन पानांतून गळत होतं. राईच्या मधल्या म्हाताऱ्या झाडाला शिडी लावली. मैथिली स्वतः चढली, फांदीफांदीला करवंट्या बांधल्या, थेंब सोडले. खाली उतरली तेव्हा वाऱ्याची एक झुळूक आली आणि बायकांच्या घोळक्यानं माना वर केल्या. मग त्यांतली सगळ्यांत म्हातारी जनाआजी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "ह्योच. ह्योच तो वास."

पण माणसांच्या नाकावर काही ठरणार नव्हतं. सगळे बघत राहिले. आत्मारामांनी खुर्ची आणली नव्हती, ते उभेच होते. बाबुली डोळे मिटून उभे होते, ओठ हलत होते.

काही झालं नाही. ऊन कलायला लागलं. कुणीतरी पाठ फिरवली.

मग एक माशी आली. झाडाभोवती फिरली, करवंटीशी थांबली, करवंटी सोडून फुलावर बसली आणि केसरांत डोकं खुपसलं. दुसरी आली. तिसरी दिसेपर्यंत मोजण्यात अर्थ राहिला नाही. डोंगराकडून, काजूच्या बागांतून, कुठल्या कुठल्या ढोलीतून त्या येत होत्या, उन्हात सोनेरी कुसळं उडावीत तशा. फांदीवरची पांढरी फुलं तपकिरी झाली, हलायला लागली. आणि तो आवाज! आधी बारीक, मग जाडा, मग असा की छातीत जाणवावा. तिथल्या मुलांनी तो जन्मात ऐकला नव्हता. एका पोरीनं घाबरून आजीचा पदर धरला. आजी हसत होती.

मैथिलीच्या हातावर थेंब सांडले होते. तिथेही माश्या बसल्या, मनगटापर्यंत. एकही डसली नाही. त्या इवल्या पायांखाली, तिच्या कातडीवर, तो रेणू होता, लाखो वेळा, कोट्यवधी वेळा, फुटलेला नव्हे तर अख्खा. तिला वर बघायचं धाडस होईना, आणि बघितल्यावाचूनही राहवेना.

बाबुली पुढे झाले. झाडाच्या बुंध्याशी गेले आणि त्यांनी आपला कान खोडाला लावला. म्हातारा माणूस पोटात दुखणाऱ्या मुलाच्या पोटाला कान लावतो, तसा. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं, त्याला मैथिलीजवळ शब्द नव्हता.

आत्माराम परब थोडा वेळ लांबूनच बघत होते. मग चुळबुळले. मग हळूहळू चालत झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेले, टोपी काढली, आणि त्यांनीही कान खोडाला टेकवला. किती दिवस एकमेकांशी धड न बोललेली ती दोन म्हातारी माणसं, मध्ये एक झाड धरून, तशीच उभी राहिली.

"बाबुली," आत्माराम पलीकडून कुजबुजले, "ह्या झाड आतसून बोलता रे."

"गप," बाबुली म्हणाले. "आयक."